आईला सिंह दाखवायला नेलं

तुम्ही कुठेही जा, पण आईला घेऊन जंगलात जाऊ नका, एवढंच सांगतो. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. कामतघरचे लूम सोडून मी नैरोबीच्या एका कापड गिरणीत फिटर म्हणून लागलो होतो. बायकोच्या बाळंतपणाला गावाकडून, वडप्याहून आई आली होती. म्हटलं, परत जायच्या आधी तिला सिंह तरी दाखवू.

तंबूत राहायचं आणि उघड्या जीपमधून हिंडायचं. जीपमध्ये आम्ही दोघं मायलेक, ड्रायव्हर आणि गळ्यात भला मोठा कॅमेरा अडकवलेला एक गोरा साहेब. दोन दिवस नुसती धूळ खाल्ली. तिसऱ्या सकाळी ड्रायव्हरने हळूच बोट दाखवलं. गवतात सिंहीण दबा धरून बसली होती आणि तिच्या पुढ्यात झेब्र्याचं पिल्लू एकटंच चरत होतं. साहेबाने कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात आई उभी राहिली आणि टाळ्या पिटत ओरडली, "हाड्! हाड् गं मेले!"

पिल्लू उधळलं. सिंहीण आमच्याकडे एकदा बघून निघून गेली. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला.

मी वैतागून म्हटलं, "अगं आई, तेच बघायला तर आलोय ना आपण!"

"काय बगाया? पोर मरताना?" आई माझ्यावरच उसळली. "त्यासाठी एवढ्या लांब आनलंस मला? आन् ह्या बाप्याला लाज न्हाय वाटत, फोटू काढतोय!"

लालबुंद झालेल्या साहेबाने मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मी म्हटलं, "तुमची माफी मागतेय."