आप्पांची बंदूक

आमचं गाव नळदुर्गाच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला, म्हणून घरात बापाला आप्पा आन् आईला अव्वा म्हणायची रीत. आप्पांची बारा बोरची बंदूक होती, लायसनची, पीक राखायला. त्यांनी डुक्कर मारलेलं म्या कधी बघितलं न्हाय, नुसता हवेत बार काढायचे, की ज्वारीतली रानडुकरं पार वढ्यापल्याड. खंडेनवमीला अव्वा बंदुकीला हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची.

बारावी झाली आन् म्या फौजेत गेलो. काय सांगू तुम्हाला, तिथं गेल्यावर तुमचं असं तुमच्यापाशी काय ऱ्हात न्हाय. केस न्हाय, झोप न्हाय, मोर्चा न्हाय, युनियन न्हाय, नोकरी नको वाटली तर उठून घरला यायचं तेबी न्हाय. तवा मला त्याचं काय वाटलं न्हाय, खोटं कशाला बोलू, हातात सरकारी रायफल होती, छाती लई फुगायची.

मग आप्पा वारले. सुट्टीवर आलो तर ठाण्यातून निरोप, बंदूक जमा करा. तिथला हवालदार भला माणूस, तो म्हणला, अर्ज करा, तुमच्या नावावर हुतंय, फकस्त तुमी नोकरीत हाव तर तुमच्या कर्नल साहेबाची चिठ्ठी आणा. म्या बंदूक जमा केली, पलटणीत गेलो, अर्ज लिहिला आन् सुभेदार साहेबापुढं धरला, त्यांना सोडून वर जायची सोयच न्हाय ना. त्यांनी वाचलाबी न्हाय. म्हणले, फौजेत आलास तवा घरचं सगळं गेटाबाहेर ठेवून आलास, आता बंदूक काय मागतोस. म्या जी साब म्हणलो, अर्ज खिशात घातला. अव्वाला फोन केला, बंदूक नको म्हणून लिहून दे. तिनं अंगठा दिला. झालं.

त्याच्या दुसऱ्या साली ज्वारी हुरड्यात आली आन् डुकरं शिरली. अव्वा एकलीच पत्र्याचा डबा बडवत गेली, एक डुक्कर उलटलं, मांडी फाडली तिची. मला सुट्टी मिळूस्तवर ती दवाखान्यातून घरी आलती. मरूस्तवर काठी सुटली न्हाय. मला कधी वाकडं बोलली न्हाय, एकदाच म्हणली, अजून एकदा इचारायचं हुतंस रं.

आन् त्याच्याबी मागनं पलटणीतला एक क्लार्क मला सांगतो, अरे, चिठ्ठी मिळते की, कितीतरी जवानांच्या घरच्या बंदुका कोतात, म्हंजी हत्यारखोलीत, नावाची चिठ्ठी बांधून ठेवल्यात. कोण म्हणलं मिळत न्हाय? व्हय, कोण म्हणलं. एका माणसानं म्हणलं आन् म्या ऐकलं. सरकारनं जे काढून घेतलं ते घेतलं, हे तर म्या माझ्या हातानं दिलं बघा.

आता सुटून आलोय, पेन्शन हाय, कागदावर सगळे हक्क परत मिळाले. डुकरं अजून येतात. लायसनसाठी कलेक्टर हाफिसात दोनदा गेलो, बाकड्यावर बसलो, साहेब बाहेर आले की टाचा आपोआप जुळतात आन् तोंड काय उघडत न्हाय. तसाच माघारी येतो.

तुमी मगाशी म्हणलात, हे छापताना तुमचं नाव घालू का, तर माझ्या तोंडातनं काय निघालं, इचारून सांगतो. आता कुणाला इचारू? अव्वाबी न्हाय. छापा तुमी, देव तुमचं भलं करो. पर नाव नका घालू.