हालू नका, काका

आणि मला सांगा, मान सरळ म्हणजे नेमकी किती सरळ?... अहो, सेलूत एकतीस वर्षं माझा स्टुडिओ आहे, जिनिंगवाल्या शेठजींपासून उपवर मुलींपर्यंत हजारोंना मी खुर्चीवर बसवलं, हनुवटी वर, चेहरा किंचित डावीकडे, नजर कॅमेऱ्यात, पण ‘सरळ’ असा मोघम शब्द मी कधी उच्चारला असेल तर शपथ! आणि मलाच, परभणीच्या दवाखान्यातला तो आश्रुबा, एक्सरेवाला, म्हणतो, “मान सरळ. हालू नका, काका.”

तुम्हाला सांगतो, उजवीकडे खाली पंधरा दिवस ठणका होता. पण दाढा दोन, शेजारणी-शेजारणी, दोघींचे चेहरे सारखेच निष्पाप. दोषी कोणती? डॉक्टर म्हणाले, नवं यंत्र आहे, डोक्याभोवती फिरून सगळी बत्तिशी एका फिल्मवर घेतं. पण फिल्मा उरल्यात चार, नीट आलं नाही तर अंदाजानं एक उपटू. अंदाजानं? मी अंदाजानं कधी दिवासुद्धा सरकवला नाही हो!

बसलो. दातांत काडी धरली, जीभ टाळूला चिकटवली, आणि सवयीनं हनुवटी वर गेली. काय करणार, रुबाब तिथूनच येतो! फिल्म धुतली, तर दातांची ओळ पालथ्या सुपासारखी. दुसऱ्या वेळी हनुवटी सांभाळली, तर चेहरा आपसूक डावीकडे वळला... डाव्या दाढा घोड्याच्या, आणि उजव्या, म्हणजे दुखऱ्याच हो, तांदळाच्या कण्या. तिसऱ्या वेळी ठरवलं, काहीही होवो, हलायचं नाही. यंत्र निघालं. आता नजर कॅमेऱ्यावरून हटवू नये हे मी जन्मभर सांगितलेलं. कॅमेराच चालू लागला तर सभ्य माणसानं काय करावं? तो निघाला उजवीकडून डावीकडे, मीही निघालो!

आश्रुबानं कपाळाला हात लावला. “काका, तुमी त्याच्या मागं कामून जायलाव? त्येला फिरू द्या की एकट्याला. हालू नका.”

उरली एक फिल्म. डॉक्टर चिमटा पुसू लागले. तेव्हा सोबत आलेल्या आमच्या सौ., कुसुमबाई, उठल्या, आश्रुबाच्या काचेमागे उभ्या राहिल्या, आणि एकतीस वर्षं पडद्याआडून ऐकलेलं माझंच सगळं मला सुनावू लागल्या. खांदे खाली, श्वास संथ, पापणीही नको... मी दगड झालो! यंत्र उजवीकडून निघालं, नाकापुढे आलं, पलीकडे वळलं, आणि बाईंच्या तोंडून शेवटचं वाक्यही सवयीनं निसटलं, “आता किंचित हसा.”

हसलो हो! आज्ञाच तशी.

पण उजवी बाजू तोवर घेऊन झाली होती, लख्ख! मागची दाढ, मुळाशी गळू. डॉक्टरांनी नेमकी तीच काढली. काम झाल्यावर ती फिल्म आश्रुबा टोपलीत टाकणार, तेवढ्यात कुसुमबाईंनी ती उचलली, पदरानं पुसली. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणतात कशा, “अहो, आपल्या लग्नातसुद्धा फोटो तुम्हीच काढत होता. घरात तुमचा एक नाही. उद्या हार घालायला काहीतरी लागेलच ना?”

आता ती कपाटात आहे, रेशमी साडीच्या घडीत. एकतीस वर्षांत माझं हे एकमेव छायाचित्र... आणि तुम्हाला सांगतो, त्यातही मी अर्धा हललेलाच आहे.