सासऱ्यांना दिसलेलं कोरं पान

नाही, मला सांगा, स्क्रिप्ट बंद कोण ठेवतं हो? म्हणजे ब्राउझरमध्ये तशी सोय असते, पान हलवणारा-डुलवणारा सगळा कोडच बंद करून टाकायची, पण वापरतं कोण? हेच मी भर मीटिंगमध्ये विचारलं, खुर्चीत मागे रेलून, बोटांत पेन फिरवत... तुम्हाला सांगतो, ते पेन आठवलं तरी कान गरम होतात. झालं काय, डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ घरबसल्या घ्यायची साइट मी केली. आमच्या टेस्टिंगच्या बाई मोजकंच बोलतात, त्या म्हणाल्या, नाव, फोन, तारीख एवढंच तर विचारायचंय, स्क्रिप्ट नसली तरी साधा फॉर्म दिसू द्या. साधा? मी बारा वर्षं या कामात, माझं कॅलेंडर बाजूनं तरंगत येतं, आणि मी साधा फॉर्म देऊ? म्हटलं, "असा एक माणूस मला दाखवा." सगळे हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

तो माणूस माझे सासरे निघाले.

सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी वेळ घ्यायची होती. मी ऐटीत सांगितलं, बाबा, दवाखान्यात खेटे कशाला, माझ्या साइटवरून घ्या. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून ते गेले वाचनालयात, आणि तिथल्या ग्रंथपालबाईंनी, जाहिराती अंगावर येतात म्हणून, सगळ्या मशीनवर काय केलेलं? बंद. स्क्रिप्ट बंद कोण ठेवतं हो... ग्रंथपाल ठेवतात! माझं सगळं पानच स्क्रिप्टवर उभं, त्यामुळे उघडलं ते पांढरं फटक. एक अक्षर नाही, 'काहीतरी चुकलंय' एवढंसुद्धा नाही. आणि हा सज्जन माणूस त्याच्यासमोर तासभर बसून. ग्रंथपालबाई म्हणाल्या, साइटच बिघडलेली दिसते. तर हे म्हणतात, "जावयांनी केलीय, बिघडायची नाही. मलाच जमत नसेल." असे तीन दिवस गेले हो, चष्मा पुसपुसून...

बायको पुस्तक बदलायला गेली तेव्हा ग्रंथपालबाईंनी तिला हे सांगितलं, आणि तिनं मला, कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी शांतपणे. भांडली असती तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या साधा फॉर्म करायला बसलो. किती वेळ लागला असेल? चाळीस मिनिटं. टेस्टिंगच्या बाईंनी तपासला, "बरं झालं" म्हणाल्या, आणखी एक शब्द नाही. तेच जास्त लागलं.

तसाच सासरी धावलो. म्हटलं, बाबा, चला वाचनालयात, आता मिळेल वेळ. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अहो, वेळ मी पहिल्याच दिवशी चालत जाऊन घेऊन आले."

"मग बाबा तीन दिवस कशाला जात होते?"

"तुम्ही विचारलंत तर 'साइट बघितली, छान आहे' असं खरं सांगता यावं म्हणून."

ऑपरेशन नीट झालं, सासूबाईंना आता सगळं लख्ख दिसतं, मीसुद्धा. आणि दर सोमवारी सासरे न चुकता वाचनालयात जातात, माझं पान उघडून बघतात आणि ऑफिसात फोन करतात, "जावईबापू, उघडलं बरं का." आणि मी, बारा वर्षांचा अनुभव असलेला माणूस, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना बघून हळूच म्हणतो... "थँक्यू, बाबा."