थोडा मागे फोकस होतो

…नाही, मला एक सांगा, अकरा माणसं, अकरा ठिकाणची, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, आणि अकराच्या अकरा जण एकाच लेन्सबद्दल इंटरनेटवर एकच वाक्य लिहितात, हे कसं काय हो? 'थोडा मागे फोकस होतो. बाकी तक्रार नाही.' बस्स. खाली एक फोटो आणि विषय संपला. अहो, लोक साधी बादली घेतात तरी दोन पानं लिहितात, कडी कुरकुरते म्हणून, रंग चित्रातल्यासारखा नाही म्हणून, आणि इथे माणूस कॅमेऱ्याची लेन्स घेतो आणि सात शब्द लिहून उठून जातो? आणि पुन्हा कधी तिथे फिरकतच नाही?

तुम्हाला सांगतो, मी चौकशी केल्याशिवाय काही घेत नाही. माझं कामच ते. दुकानांतले वजनकाटे तपासतो मी, गेली सव्वीस वर्षं. पेटीत पितळी वजनं घेऊन जातो, काट्यावर ठेवतो, काटा जरा इकडेतिकडे झाला की शिक्का मारत नाही, मग दुकानदार चहा मागवो नाहीतर रडो. घरी पंखा घ्यायचा होता तेव्हा मी दोन उन्हाळे चौकशीत घालवले. बायको अजून काढते तो विषय. 'यांचा पंखा आला तेव्हा मी स्वेटर घालून बसले होते,' म्हणते चारचौघांत. अतिशयोक्ती आहे ती. पण थोडीच.

तर लेन्स कशाला? बाबांसाठी. बाबा एकदा चहा पिता पिता म्हणाले, 'माझा एक बरा फोटो काढून ठेव रे. तुझ्या आईच्या फोटोशेजारी लावायला. पेन्शनच्या कार्डावरचा लावू नकोस, त्यात मी पकडून आणल्यासारखा दिसतो.' असं म्हणाले आणि बिस्कीट बुडवलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हृदय थकलंय, वर्ष निघालं तर पुष्कळ. मी आपलं म्हटलं, 'काढू की बाबा, घाई काय आहे?' तर म्हणतात, 'मला नाही. डॉक्टरांना आहे.'

आणि फोटो काढणं सोपं नव्हतं हो! बाबांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. त्यांच्या खोलीत भर दुपारीही पडदे ओढलेले. एकदा फ्लॅश मारला तर दोन दिवस डोळ्यांतून पाणी. त्यात मान आणि हात सारखे थरथरतात. अंधार आणि थरथर… माझ्या कॅमेऱ्यात बाबा म्हणजे ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी. कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, डोळ्याला कायम भिंग लावलेला, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, 'अंधारात हलणारा माणूस पकडायचाय? मग लेन्सचं तोंड मोठं पाहिजे. पॉइंट नाइन फाइव्हची बघा. असेल तो सगळा उजेड ओढून घेते. मात्र स्पष्ट येतो तो फक्त एक पापुद्रा. पापणी आली तर कान गेला, समजलं?' समजलं. नावाजलेल्या कंपन्यांच्या लेन्स पाहिल्या, तर तेवढ्या पैशांत मोटार येते. मग शोधता शोधता एका कंपनीची सापडली, जिचं नाव घेताना जीभ चावली जाते, जी आधी म्हणे शिवणयंत्रांचे सुटे भाग करायची. किंमत मिक्सरएवढी. आणि जगात मिळून अभिप्राय किती? अकरा.

अकराच्या अकरा एकच. थोडा मागे फोकस होतो.

मी म्हटलं, ठीक आहे, मागे म्हणजे नेमकं किती? बोटभर? वीतभर? ज्याचा अंदाज आहे तो दोष म्हणजे दोष नव्हे, काट्यात चूक किती ते कळलं की वजा करता येते. म्हणून प्रत्येकाला निरोप पाठवला, विनम्रपणे, 'मागे म्हणजे नेमकं किती?' अकरापैकी एकानंही उत्तर दिलं नाही. निरोप वाचल्याच्या खुणा मात्र सगळ्यांच्या आल्या.

मग मी वहीत तक्ता केला. त्यांनी टाकलेले ते अकरा फोटो मोठे करून बघायला लागलो, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून मला डबा गोड लागेना. सगळ्या फोटोंत एक माणूस बसलेला. एक टकलू गृहस्थ, एक शिक्षिका असावी अशी बाई, एक आचारी टोपी हातात घेऊन. सगळे धूसर. आणि त्यांच्या मागे, बरोबर एका वितीवर, मी कागदाची पट्टी लावून मोजलंय, काहीतरी लख्ख स्पष्ट. टकलूच्या मागे सोफ्याच्या पाठीवर दोन चिमुकली बोटं, नखात माती. शिक्षिकेच्या मागे एक कोपर, स्वेटरला ठिगळ. आचाऱ्याच्या खांद्यामागे नुसतीच एका शालीची किनार… आणि त्या आचाऱ्याच्या पाठीला भिंत होती हो! चिकटून! तिथे माणूस मावणार कुठे?

मी मनाची समजूत घातली. म्हटलं, कुणीतरी मधे आलं असेल. घरं म्हटली की माणसं मधे येतात. अकरा घरांत आली असतील.

असे आठ महिने गेले. तक्त्याची दुसरी वही सुरू झाली. एक दिवस बायको भांडी पुसता पुसता शांतपणे म्हणाली, 'तुम्हाला ती लेन्स घ्यायचीच नाहीये. फोटो निघाला की बाबा जातील असं वाटतंय तुम्हाला. म्हणून चौकशी चाललीय.' मी तिला म्हणणार होतो की काहीतरी बोलू नकोस. पण खरं होतं ते. आत बाबा खोकत होते, आणि त्या आठवड्यात डॉक्टरांनी जिना उतरायलाही मनाई केली होती. मी वही मिटली आणि लेन्स मागवली.

आली तीन आठवड्यांनी. जड, काळी, थंडगार. पुढच्या काचेत बघितलं तर खोली उलटी दिसते आणि जरा खोलच दिसते. मी काही लगेच वापरणारा नव्हे, तडक गेलो म्हाताऱ्याकडे. त्यानं टेबलावर पट्टी तिरकी ठेवली, पंचवीसच्या रेघेवर फोकस केला, फोटो काढला. पंचवीसचीच रेघ स्पष्ट. पुन्हा काढला. पंचवीस. दहा वेळा. मी म्हटलं, 'अहो पण सगळे लिहितात, थोडा मागे फोकस होतो.' त्यानं डोळ्याचं भिंग काढलं, लेन्स फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'पट्टीच्या मागे कोण उभं राहणार?' आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

रविवारी दुपारी चार वाजता बाबांना खुर्चीत बसवलं. बायकोनं पांढरा शर्ट इस्त्री करून दिला होता. आता बाबांची एक खोड आहे, शर्ट कितीही नीट घाला, कॉलर डावीकडून वर उभीच राहते. आई असताना ती मागून येऊन चिमटीनं खाली बसवायची. आईचा स्वतंत्र फोटो तसा नव्हताच आमच्याकडे, भिंतीवरचाही कुणाच्या तरी लग्नातून कापून काढलेला. कधी कॅमेरा निघाला की 'मी कशाला मधे?' म्हणत बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायची. तर कॉलर वर होती. मी पाहिली. म्हटलं, आता पुढे जाऊन हलवायला नको, बाबा मोठ्या मुश्किलीनं सरळ बसलेत.

बाबा म्हणाले, 'हसू का?'

'जसं वाटेल तसं.'

'मग नको. हसलो की दात निघतो.'

लेन्सचं कडं हातानंच फिरवावं लागतं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाबांचा डोळा मोठा करून घेतला, पापणीचा केस न् केस दिसेपर्यंत कडं फिरवलं, श्वास धरला आणि बटण दाबलं. एकच. बाबा म्हणाले, 'झालं?' आणि का कोण जाणे, मान जरा मागे कलती करून डोळे मिटून बसले. डोक्यावरून कुणी हात फिरवला की माणूस बसतो ना, तसे.

मी फोटो बघितला. बाबा धूसर. अगदी मऊ, धुक्यातल्यासारखे. आणि फोकस धरलेल्या डोळ्याच्या मागे, बरोबर एका वितीवर, मानेपाशी एक हात. मनगटापर्यंतच. लख्ख. कातडीवरच्या बारीक रेषा मोजाव्यात इतका. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं… कपाटाच्या दारात सापडलं होतं, मी तिसरीत होतो, दार मीच लोटलं होतं. चिमटीत कॉलर धरलेली.

मी मान वर करून बाबांकडे पाहिलं. खुर्चीमागे पडदा, भिंत, दुसरं काही नाही. आणि कॉलर खाली बसलेली होती.

घाबरलो का? घाबरलो हो. कॅमेरा हातातून सुटायचा राहिला. आणि त्याच वेळी असं रडू आलं की बायको आतून धावत आली. तिनं फोटो बघितला आणि पलंगावर बसली. बाबाच तेवढे शांत. 'बघू,' म्हणाले. नाकाजवळ धरून बराच वेळ बघितलं. 'मी हललोय,' म्हणाले. 'पण ही छान आलीय.' मी म्हटलं, 'दुसरा काढू का, बाबा?' तर म्हणाले, 'कशाला? हाच लाव. दोघांचं एका खिळ्यात भागेल.'

दीड महिन्यानं बाबा गेले. झोपेत, दुपारी, पडदे ओढलेले. भिंतीवरचा आईचा कापलेला फोटो उतरवला आणि त्याच खिळ्यावर हा लावला. येणारे-जाणारे म्हणतात, 'हे काय, वडिलांचा चेहरा नीट आलेला नाही.' मी म्हणतो, हो, लेन्स जरा स्वस्तातली होती.

मग बसलो एकदा अभिप्राय लिहायला. म्हटलं, या अकरा जणांनी लपवलं, मी लपवणार नाही. सविस्तर लिहीन, मोजमापासकट. दोन पानं लिहिली. वाचली. आणि माझ्या लक्षात आलं, हे वाचून कुणी म्हणेल, याला कोणीतरी आवरा. शिवाय काय लिहिणार? तक्रार करावी अशी एक गोष्ट सापडेना मला, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही पानं खोडली आणि लिहिलं, 'थोडा मागे फोकस होतो. बाकी तक्रार नाही.' खाली फोटो टाकला. बारावा मी.

परवा एकाचा निरोप आलाय. कोण, कुठला, माहीत नाही. 'मागे म्हणजे नेमकं किती? घेण्याआधी खात्री करतोय. बाकी कुणी उत्तर देत नाही.' वाचला मी. दोनदा वाचला. उत्तर काही दिलेलं नाही. माणूस आपल्यातलाच दिसतोय… पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घेईल.