साकवारबाईच्या दाराची कडी

या, मंडळी, पुढं सरका! आधी एक सांगा — विद्या कुणाची? जिच्या हातात आहे तिची, की जिला हवी आहे तिची? बोला की! बरं, मग ऐका!

माळेवाडीत साकवारबाई नावाची सनगरीण होती. घोंगडी विणावी तर तिनं! विणायच्या आधी लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात. खळ बिघडली की धागा तुटलाच म्हणून समजा! साकवारबाईची खळ कधी बिघडली नाही. पण ती शिजवायची दार लावून! घराची रीत — खळ सुनेला शिकवायची, लेकीला नाही. का? तर लेक विद्या सासरी नेते! हसताय काय, मावशी? जावेला मसाला सांगताना एक जिन्नस कोण गाळतं? मी नाव घेतलं नाही हं!

तिची लेक पुतळा लहानपणी दाराबाहेर रडायची, "आये, मला बघू दे की गं!" दार काही उघडलं नाही. पुतळा गेली सासरी. आणि सून? एकुलता लेक लग्नाआधीच देवाघरी गेला, सून कुठली! आता विद्या जायची आपल्याबरोबर सरणावर. बाईला हाच घोर लागला.

गावानं देवळाशेजारी पोरींसाठी विणकामाचा वर्ग काढला. साकवारबाईनं लोकर कातायला शिकवलं, माग शिकवला. खळ मात्र वर्गामागच्या खोलीत, दाराआड! पोरींना बजावलं, "त्या दाराला हात लावायचा नाही!" गावकरी म्हणाले, "जत्रेत पोरींच्या हातचं घोंगडं बिरोबाला चढलं तर वर्ग चालेल, नाहीतर बंद!"

आणि जत्रेच्या तोंडावर बाई तापानं आडवी! उठून वर्गात येऊन बघते तर काय — पोरी बिनखळीचा धागा विणतायत, तुटला की गाठ, तुटला की गाठ! बोटं सोलली होती हो!

"अगं भवान्यांनो, खोलीत खळीचं मडकं भरलेलं, दाराला नुसती कडी! घेतली का नाही?"

भामा नावाची पोरगी म्हणाली, "आजी, तुम्ही नको म्हणाला होता."

बाईनं भामाची सोललेली बोटं हातात घेतली. "सून नाही म्हणून मी देवाला बोल लावत होते! आणि एवढ्या सुना मीच दाराबाहेर बसवल्या!"

वा रे माउली! कडी काढली, चूल पेटवली. आणि म्हणाली, "थांबा! आधी माझ्या पुतळाला बोलवा."

पुतळा आली. केस पिकलेले, पण सवयीनं उभी राहिली — दाराबाहेरच!

"आत ये, बाळ," आईनं पळी तिच्या हातात दिली. "तेव्हाच तुला आत घ्यायला हवं होतं. चुकलं माझं."

जत्रेत बिरोबाला पोरींचं घोंगडं चढलं! आणि पुतळानं खळ सासरी नेली. तिथंही माग लागले!

मंडळी, टाळ्या नंतर वाजवा. आज घरी जाल, कडी लावाल — तेव्हा जरा वाकून बघा. बाहेर तुमचीच पुतळा उभी नाही ना?