ठमीची धुरी

हसू नका, पण आमच्याकडे एक कोंबडी होती. खायला नव्हे, पाळलेली. ठमी तिचं नाव.

या थंडीत तिला सर्दी झाली. चोच उघडी टाकून घरघर श्वास घ्यायची. मी म्हटलं, "आई, डॉक्टरला दाखवू."

"तुम्ही सगळे ओव्याच्या धुरीवर वाढलात. डॉक्टर काय वेगळं करणार आहे?"

तिनं शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकला, ठमीला शेजारी बसवलं आणि वरून जुनं लुगडं पांघरलं. सकाळ-संध्याकाळ हेच. ठमी जास्तच धापा टाकायला लागली, तर आई म्हणे, "कफ सुटतोय."

शेवटी मीच तिला पिशवीत घालून बिर्लानगरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तिची पिसं हुंगली.

"धुआँ किसने दिया? इसको तो बस खुली हवा चाहिए थी."

ठमी त्याच्या टेबलावरच गेली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोन दिवस अजून धुरी मिळाली असती, तर वाचली असती."

काल बाबांना खोकल्याची उबळ आली. आई ओव्याचा डबा काढायला उठली.

बाबाही उठले. शाल घेतली आणि कडाक्याच्या थंडीत अंगणात जाऊन बसले.