शिवणकामाचे तीन लाख

जळगावात कर सल्लागाराकडे रिटर्न भरायला बसलो होतो. शेजारी नवरा-बायको होते.

"दिपमाला, तुझ्या मोबाइलवर ओटीपी आला असेल. सांग पटकन."

"शिवणकामाचे तीन लाख, असं का लिहिलंय?"

"दुकानाचंच उत्पन्न आहे. थोडं तुझ्या नावावर दाखवलं की माझा टॅक्स वाचतो."

"अहो, मी वर्षभरात एक ब्लाउज शिवला नाही."

"कोणी विचारलं तर म्हणायचं, घरी शिवते. ओटीपी दहाच मिनिटं चालतो."

"शिवते कशावर? मशीन तुम्ही पहूरला विकून आलात."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"म्हणालात, आपल्या घरची सून लोकांचे कपडे शिवत नाही."

"हळू बोल. आत साहेब खोळंबलेत. ओटीपी सांग."

"दुसरा मागवा. याची वेळ संपली."